बंदराची तिरकी वाट

दोन वेळ पेज मिळाली तरी आई देवापुढे हात जोडायची, अशा घरातला मी पहिला बी.ए. रस्त्यांच्या कचेरीत लागलो. बंदरावरून बाजारात जाणारी जुनी तिरकी वाट सरळ करण्याचे टिपण लिहायचे काम माझ्याकडे आले.

तिथली एक म्हातारी मासेवाली डोक्यावरची टोपली न हलवता, नुसते डोळे वळवून बोलायची.

"झिला, वाट तिरकी आसा म्हणान पावसात वारो पाठीक ऱ्हवता. सरळ केलंस तर आडवो लागतलो."

"टिपणात वारा लिहीत नाहीत, बाई," मी मुद्दाम पुस्तकी मराठीत म्हणालो.

"मगे त्या कागदार चलून दाखय!"

एक ओळ लिहिता आली असती. लिहिली नाही. पुढच्या पावसात, सरळ केलेल्या वाटेवर, ती एका हाताने टोपली आणि दुसऱ्याने कडेचा दगडी गडगा धरून चालताना दिसली.

रस्ता सरळ झाला. मी नोकरीत कायम झालो.