कुवाबारांची कारली

नेगिशीसान शेजारी राहायला आले तेव्हा जपानी रीतीप्रमाणे ओळखीसाठी इतके वाकले, इतके वाकले, की कुवाबारांना वाटलं गृहस्थांचं काहीतरी पडलंय. तेही खाली बसून शोधायला लागले. वर पाहतात तो भर जूनच्या उन्हात नेगिशींच्या कपाळावर घामाचा थेंब नाही. मत्सराचं बी तिथेच पडलं.

कुवाबारांनी जन्मभर लोकांचे न्हाणीतले बंब दुरुस्त केले. आता वय त्र्याहत्तर आणि सुख एकच: एसी वीसवर, अंगावर दुलई. "माझं घर, माझं बटण," असं ते म्हणत.

वस्तीची सूचनांची पाटी घरोघर फिरे. वाचायची, शिक्का मारायचा, पुढच्या घरी द्यायची. कुवाबारा फक्त शिक्का मारत. या खेपेला पहिली ओळ चुकून वाचली गेली: 'पृथ्वी तापते आहे. दुपारी एसी बंद ठेवावा, खिडकीवर कारल्याची वेल चढवावी. दाट वेलीला बक्षीस.'

"पृथ्वीला म्हणावं, स्वतःचं बघ," म्हणत त्यांनी शिक्का हाणला.

जुलैत नेगिशींची वेल छपराला टेकली. बायको तोमिए कुंपणाशी उभी राहून म्हणाली, "अहो, काय ती सावली! नाहीतर तुम्ही. बाजारातल्या मासळीसारखे बर्फात पडून."

झोंबलं. त्याच दिवशी एसी बंद झाला आणि चार रोपं आली. महिनाभर हा माणूस बनियनवर, पाय बादलीत सोडून, नेगिशींची पानं मोजत बसला. रोज जेवायला कारलं.

"कडू आहे गं."

"संगतीचा गुण."

ऑगस्टात एका दुपारी नेगिशींच्या वेलीमागून घरघर ऐकू आली. बंब ऐकण्यात मुरलेला कान तो! फिरून पुन्हा दारी आलेली पाटी उचलून कुवाबारा हर्षानं धावले.

"नेगिशीसान! तुमचा एसी चालू आहे!"

"हो, सासूबाईंसाठी. पाटीवर आहे ना, सत्तरीपुढच्यांनी एसी मुळीच बंद करू नये. यंदा पाळी माझी होती, मीच लिहिलंय ते." आणि मग कमरेत वाकून म्हणाले, "तुम्ही तर त्र्याहत्तरीत बंद ठेवलात. धन्य!"

कुवाबारांनी पाटी पाहिली. त्या ओळीवर नेमका त्यांचाच शिक्का होता.

"मग लावा की आता," घरी तोमिए म्हणाली. "मुभा आहे तुम्हाला."

"मुभा? त्यानं दिलेली? माझा एसी मी माझ्या मर्जीनं बंद ठेवणार!"

सप्टेंबरात निकाल लागला. पहिले नेगिशी. कुवाबारा नववे आले. स्पर्धेत घरं नऊच होती.