सोमाच्या डाव्या चपलेची जुळणी

"मॅडम, डोळे झाकून लिहा. हीच चप्पल."

इन्स्पेक्टर गांगुर्ड्यांनी माझ्या टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक टायर कापून केलेली डाव्या पायाची चप्पल, आणि चिखलातल्या पाऊलखुणेचा प्लास्टरमध्ये घेतलेला ठसा. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नाशिकला प्रयोगशाळेत पाऊलखुणा तपासायचे. डोळे झाकूनच लिहायचं असतं तर सरकारने मला भिंग कशाला दिलं असतं?

दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत राखणदाराचा खून झाला होता; ठसा त्याच्या प्रेताजवळचा. बागेवर सुरगाण्याहून आलेली मजुरांची टोळी राहत होती. त्यातला सोमा कोठडीत होता, चप्पल त्याची. त्याने गुन्हा कबूलही केला होता, पण पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही. म्हणून सगळा भार या चपलेवर. मी 'जुळते' लिहिलं की सोमा जन्मभर आत.

आणि ठसा जुळत होता. टायरची तीच नक्षी, तेच माप, बाहेरची कड घासून गुळगुळीत.

"सोमा डाव्या पायाने लंगडतो, म्हणून कड घासली," गांगुर्डे म्हणाले. "टोळीत दुसरा लंगडा नाही. लाखात एक, मॅडम!"

"लाख कुठून आणले?"

"अहो, बोलायची पद्धत असते."

हीच ती खोड. आमच्या कामात प्रश्न दोन असतात. ठसा सोमाचा असेल तर जुळेल का? जुळेल. पण ठसा त्याचा नसेल, तरी जुळण्याची शक्यता किती? पहिला प्रश्न सगळे विचारतात. दुसऱ्यासाठी इतरांच्या चपला बघाव्या लागतात, तेवढा वेळ कुणाला नसतो. पत्रिका जुळली म्हणजे नवरा हाच, म्हणण्यातला प्रकार. अरे, ती गावात आणखी किती जणांशी जुळते?

गांगुर्डे गेल्यावर मी बाहेर पडले. फाटकाशी एक बाई बसली होती. सोमाची बायको, यमुना. चपला तपासणारी बाई इथं बसते, एवढं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिच्याही पायात टायरच्याच चपला.

"काढा बघू जरा."

ती घाबरतच उठली. मी चपला उलट्या केल्या. दोन्हींची डावी कड गुळगुळीत.

"तुम्ही लंगडता?"

"नाय बाई."

"चपला जुन्या आहेत?"

"नव्याच हाय. मुकादमाच्या जीपचे टायर निघाले. बागेवर यायच्या आधी त्यानं समद्या टोळीला चपला करून दिल्या."

जीपच्या चाकांची अलाइनमेंट बिघडली की टायर एकाच बाजूने घासतो, सगळीकडून गोल. कुठूनही तुकडा कापा, एक कड गुळगुळीतच निघणार. कड घासली होती जीपने, सोमाने नाही. मला आधी हसू आलं, मग अंगावर काटा आला.

गांगुर्ड्यांना फोन केला. "टोळीतल्या सगळ्यांच्या चपला पाठवा."

"सगळ्यांच्या? तुम्ही तिथं बसून उंटावरून शेळ्या हाकता! माणसं अनवाणी कामाला जातील."

"जाऊ द्या. जन्मठेपेला जाण्यापेक्षा बरं."

कुरकुरत का होईना, गोणी आली. चपला जमिनीवर मांडल्या, तर लग्नघराचा दरवाजा वाटावा. चपला नव्या, त्यामुळे ज्याच्या त्याच्या चालीची खूण अजून उमटलीच नव्हती. पुरुषांच्या चपला एकाच मापाने कापलेल्या, आणि डाव्यांपैकी जवळजवळ निम्म्यांची गुळगुळीत कड बाहेरच्या बाजूला; तेवढ्या सगळ्या ठशाशी जुळल्या.

मी लिहिलं : ठसा या चपलेचा असू शकतो. टोळीतल्या इतर अनेक चपलांचाही असू शकतो.

"मग खून केला कोणी?" गांगुर्डे कडाडले.

"ते चपलेला माहीत नाही."

कोर्टाने सोमाला सोडलं. खुनी माझ्या माहितीत तरी सापडला नाही. राखणदाराच्या घरच्यांचं मला अजून वाईट वाटतं. पण भलत्यालाच आत टाकून त्यांचं माणूस परत आलं नसतं.

सुटल्यावर सोमा यमुनेबरोबर येऊन गेला. म्हटलं, चप्पल मुद्देमालात आहे, कोर्टात अर्ज केलात तर परत मिळेल.

"ऱ्हाऊ द्या बाई," तो म्हणाला. "आता ती घालायचं भ्या वाटतं." आणि अनवाणीच लंगडत फाटकाबाहेर गेला.

तेव्हापासून कुणी 'जुळलं' म्हणत आलं की मी पेन उचलत नसे. आणखी कुणाकुणाशी जुळतं ते बघून या, म्हणायचे. निम्मे लोक परत यायचेच नाहीत.