शेऱ्याचा रकाना

लग्नानंतरची नऊ वर्षं मी आणि बायको दोन गावांत राहिलो. ती कोरेगावजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि मी सांगलीत हळदीच्या एका व्यापाऱ्याकडे पत्रव्यवहार बघायचो. मूलबाळ झालं नाही, त्यामुळे कुणी कुणाकडं जावं याची घाई करणारंही घरात कुणी नव्हतं. शनिवारी दुपारच्या पॅसेंजरनं मी कोरेगावला जायचो आणि सोमवारी पहाटे परत यायचो. मधले पाच दिवस सांगलीतली भाड्याची खोली, खानावळीचा डबा आणि मी.

माझं मूळ गाव कवठे महांकाळ तालुक्यात. घरची मेंढरं होती आणि शेजारी एक आप्पा मागावर घोंगडी विणायचे. एकदा व्यापाऱ्याच्या पुण्याच्या पाहुण्यांना पाठीच्या दुखण्यासाठी घोंगडी हवी होती. मी गावाकडनं आणून दिली. महिन्याभरात त्यांच्या शेजाऱ्यांची चिठ्ठी आली, मग त्यांच्या मेहुण्याची. दोन वर्षांत मी नोकरी सोडली आणि हाच धंदा धरला. व्यापाऱ्यानं नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुना मला दिला.

गिऱ्हाइकांची यादी मी त्या कॉम्प्युटरवर केली. नाव, पत्ता, घोंगडीचं माप आणि शेवटी एक रकाना, शेरा. त्यात मी माणसांबद्दल जे कळेल ते लिहायचो. ‘वडिलांची पाठ दुखते.’ ‘सुनेचं बाळंतपण व्हायचंय.’ कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवलं होतं की पत्र एकदाच लिहायचं, मग नाव आणि शेरा प्रत्येक पत्रात आपोआप जागच्या जागी येऊन बसतो. यंत्र नीट चालतंय का बघायला यादीतलं पहिलं नाव मी बायकोचंच घातलं होतं.

दिवाळीआधी सगळ्यांना पत्रं जायची. जाहिरात म्हणून एक ओळही नसायची. ‘वडिलांची पाठ दुखते, हे आमच्या लक्षात आहे. थंडीत काळजी घ्यावी.’ एवढंच. खाली माझ्या सहीचा रबरी शिक्का. बायकोच्या नावाचं पहिलं पत्र तेवढं मी बाजूला काढून ठेवायचो. लोक भारावून जायचे. नागपूरच्या एका बाईंनी मला चार पानी उत्तर पाठवलं होतं, त्यात मुलाशी झालेल्या भांडणाचीही हकिकत होती. डबा खाता खाता मी ती पत्रं वाचायचो. वाटायचं, आपल्याला केवढी माणसं आहेत! पत्राची घडी घातली की खोलीत पंख्याची घरघर तेवढी ऐकू यायची.

आप्पांच्या एकट्या मागावर भागेना, म्हणून आणखी तिघं विणकर जोडले. आप्पा एकदा म्हणाले, “लय घोंगड्या जात्यात गड्या. कोण घेतंय रं एवढ्या?”

“पुण्या-नागपूरची माणसं.”

“तुला वळखत्यात व्हय?”

“न्हाई आप्पा. पण मी त्यांना ओळखतो.”

ते पुन्हा मागाकडं वळले.

मग एका पावसाळ्यात कॉम्प्युटर बसला. विजेचा दाब वर-खाली झाला असेल. फ्लॉपीवर यादीची नक्कल होती, तर तिला बुरशी आलेली. जुनी पाकिटं काढून, पत्ते वाचत, आठवत, मी महिनाभर यादी पुन्हा केली. बायकोचं नाव सवयीनं पुन्हा पहिलं घातलं, शेरा तिच्या बाजूला काढलेल्या जुन्या पत्रावरनं उतरवला. त्या महिन्यात मी कोरेगावला गेलो नाही.

तेव्हा सांगलीत इंटरनेटची दुकानं नुकती सुरू झाली होती. आमच्या रस्त्यावरचं दुकान टेलिफोन खात्यातनं निवृत्त झालेल्या एका काकांचं होतं. माझी रड ऐकून ते म्हणाले, “घरात ठेवताच कशाला? ई-मेलचं खातं फुकट मिळतं. यादी स्वतःलाच पाठवून द्या. त्या ई-मेलवाल्या कंपनीच्या यंत्रावर राहील.”

“कुठं असतं ते यंत्र?”

“अमेरिकेत असेल कुठंतरी.”

“आणि तेच बसलं तर?”

“एक बसलं तर दुसरं असतं हो त्यांच्याकडं.”

पुढं या गोष्टीला लोक क्लाउड म्हणायला लागले. मला तेव्हा एवढंच कळलं की माझी आठशे माणसं आता कुठल्याशा परक्या गावात सुखरूप आहेत. धंदा वाढला. परदेशातल्या मराठी लोकांच्या ई-मेल यायला लागल्या. शनिवारची गाडी आधी महिन्यातनं दोनदा चुकायची, मग तीनदा. एसटीडीवरनं फोन करायचो, पण शाळेचा फोन हेडमास्तरांच्या टेबलावर. तिथं ती काय बोलणार?

त्या वर्षीची दिवाळीची पत्रं टाकून मी तीन आठवड्यांनी कोरेगावला गेलो. बायको तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, “तुमचं पत्र मिळालं.”

“माझं?”

तिनं फळीवरच्या डब्याखालनं पाकीट काढून पुढं ठेवलं. ‘आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. थंडी फार लागते, हे आमच्या लक्षात आहे. काळजी घ्यावी. घरच्या सर्वांना नमस्कार सांगावा.’ खाली माझा शिक्का.

मी हसायचा प्रयत्न केला. “अगं, यादीत तुझंही नाव आहे, दर वर्षी ते पत्र बाजूला काढतो, यंदा राहून गेलं.”

“शाळेत आलं होतं,” ती म्हणाली. “पाकिटावर तुमचा पत्ता बघून बाकीच्या बाई चिडवायला लागल्या. मलाही बरं वाटलं. इतक्या वर्षांत तुमचं पत्र कुठं आलंय? सगळ्यांसमोर फोडलं मी.”

मी पत्राची घडी घालून पाकिटात सरकवली.

“त्या विचारायला लागल्या, काय लिहिलंय? मी म्हटलं, थंडी पडलीय, जप म्हणतायत.” तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. “थंडीचं कधी लिहून ठेवलं होतंत?”

“अगदी पहिल्यांदा. यंत्र चालतंय का बघायला.”

“म्हणजे तुमच्या नव्हतं लक्षात. त्याच्या होतं.”

ती रडली नाही, रागावलीही नाही. संध्याकाळी नेहमीसारखी आमटी केली. त्याचाच मला जास्त त्रास झाला.

सांगलीला परतल्यावर मी काकांच्या दुकानात जाऊन यादी उघडली. पहिली ओळ तिची होती. ती मी पुसून टाकली. पुसल्यावर दुसऱ्या क्रमांकाचे पुण्याचे गृहस्थ सरकून पहिले झाले. आणि तिथंच बसल्या बसल्या मनात आलं, यादी इथं नाही, घोंगड्या गावाकडं, गिऱ्हाइकं जगभर. मग सांगलीत आहे काय? फक्त मी.

होळीच्या सुमाराला खोली सोडली. पार्सलं गावाकडनंच थेट जातील अशी सोय केली. काका म्हणाले, “सांगली सोडताय, मग धंदा?”

“तो तुम्हीच अमेरिकेत नेऊन ठेवलाय की.”

कोरेगावात इंटरनेट नव्हतं. आठवड्यातनं दोनदा एसटीनं साताऱ्याला जायचो. पहिल्या दिवशी अनोळखी गावातल्या अनोळखी यंत्रावर पासवर्ड टाकला आणि सगळी नावं शेऱ्यांसकट समोर आली. सांगली सोडल्याचं एकाही गिऱ्हाइकाला कळलं नाही.

घरी मात्र तसं झालं नाही. मला वाटलं होतं, आपण गेलो की झालं. पण बायको एकटीनं राहायला शिकली होती आणि नीट शिकली होती. तिची जेवायची वेळ ठरलेली, रेडिओचे कार्यक्रम ठरलेले, खाटेची बाजू ठरलेली. मी घरात वावरलो की ती दर वेळी बाजूला होऊन वाट द्यायची, पाहुण्याला देतात तशी. आणि मी आठशे लोकांची दुखणी विचारणारा माणूस, तिच्यासमोर बसलो की पहिलं वाक्य सुचायचं नाही.

असे पाच-सहा महिने गेले. एका रविवारी दुपारी वीज गेली म्हणून ती पायरीवर वह्या तपासत बसली होती. मी जाऊन शेजारी बसलो. तिनं गठ्ठ्यातल्या काही वह्या माझ्या मांडीवर ठेवल्या.

“भागाकार बघा. बाकी चुकवतात पोरं.”

मी तिच्याकडचं लाल पेन मागितलं. एकच होतं. मग एक वही तिनं तपासायची, पेन मला द्यायचं, एक मी तपासायची, असं चाललं. वीज आली तेव्हा आत रेडिओ आपोआप सुरू झाला. बंद करायला दोघांपैकी कुणीच उठलं नाही.