डाक बंगल्याच्या खानसाम्यासाठी खोली

माझे वडील कळमनुरीच्या बाजूला एका सरकारी विश्रामगृहावर नोकरीला होते. कागदावर त्यांच्या पदाचं नाव लांबलचक होतं. लोक त्यांना खानसामा म्हणत आणि विश्रामगृहाला डाक बंगला. तीस वर्षं त्यांनी साहेबांसाठी गाद्या घातल्या, मच्छरदाण्या बांधल्या, पहाटे बादलीभर कढत पाणी दाराशी ठेवलं. बंगला रिकामा असला की आम्ही पोरं कोचावर उड्या मारायचो. ते रागावत नसत. आमच्या मागून येऊन खोळ सारखी करायचे, एवढंच. स्वतः मात्र त्या कोचावर किंवा पलंगावर ते टेकल्याचं मला आठवत नाही.

ते निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्यांच्यासाठी औरंगाबादेत हॉटेल निवडायची वेळ माझ्यावर आली, तेव्हा यातलं काहीच मी ध्यानात घेतलं नाही.

कारण डोळ्याचं होतं. उजवा डोळा काचबिंदूनं पूर्वीच गेला होता. उरलेल्या डाव्यात मोतीबिंदू. ऑपरेशनसाठी पहिल्यांदा गेलो तेव्हा रिवाजाप्रमाणे चुलतभावाकडे उतरलो. आपलं माणूस शहरात असताना दुसरीकडे उतरणं हा आमच्याकडे त्या माणसाचा अपमान समजतात. भावानं आदरात काही कमी ठेवलं नाही. संध्याकाळभर कॉलनीतले गाववाले भेटायला येत होते. जेवायला मटण होतं, तेही आमच्याकडच्या तिखटाचं. घरातली एकुलती खोली वडिलांना दिली आणि भावाची बायको-लेकरं स्वयंपाकघरात दाटीनं झोपली. वडिलांना हे कळलं, तेव्हा ते उठून बसले ते सकाळपर्यंत. दवाखान्यात प्रेशर मोजलं, ते दोनशेच्या घरात निघालं.

डॉक्टर म्हणाले, "आज नाही करता येणार. यांना नीट झोप पाहिजे. एकच डोळा आहे, मी जोखीम घेणार नाही. पंधरा दिवसांनी या."

परतीच्या एसटीनं जिंतूर सोडलं. तेव्हा वडील म्हणाले, "आनिक एक खेप यीन. त्या टायमालाबी वापस धाडलं, तर पुन्हा न्हाई. दिसंल तेवढं दिसंल."

ते असं बोलून मग बदलणाऱ्यांतले नव्हते. म्हणजे मला एका रात्रीची झोप शोधायची होती.

मी हिंगोलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. जिल्हा झाल्यापासून आमच्या गावात जाणकारांची संख्या एकदम वाढली होती. स्टाफरूममध्ये मी हॉटेलची चौकशी केली, तर दोन चर्चासत्रांना जाऊन आलेल्या एका प्राध्यापकांनी लगेच नाव सुचवलं. "कारंजं आहे आत," ते म्हणाले. कारंज्याचा झोपेशी काय संबंध, हे मी विचारलं नाही. एरवी शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमात मागच्या रांगेत बसून हसणारा मी, पण बापासाठी म्हटल्यावर लिफ्ट, एसी आणि कारंजं या गोष्टी मला एकदम गरजेच्या वाटायला लागल्या. फोन करून खोली ठरवली. चुलतभावाला कळू द्यायचं नाही, असंही ठरवलं.

दुपारी दोनच्या सुमारास आम्ही पोचलो. दाराशी फेटा बांधलेला, मिशांना पीळ दिलेला एक उंच माणूस उभा होता. कमरेला म्यान होतं, तलवार नव्हती. त्यानं वाकून मुजरा केला. वडिलांना तो धूसर दिसला असणार, पण मुजरा त्यांना बरोबर कळला. त्यांनी टाचा जुळवून कडक सलाम ठोकला, दार धरलं आणि आमच्या मागून येणाऱ्या एका कुटुंबाला आत सोडलं. त्यातल्या बाईंनी पर्स सोडून बाकी सगळं सामान वडिलांच्या हातात दिलं. मी पोचेपर्यंत वडील ते घेऊन लिफ्टपाशी गेले होते.

"आबा, ठेवा ते. आपण गिऱ्हाईक आहोत."

"त्यांचे हात भरलेले व्हते."

खोली मोठी होती. पलंगावर चादर अशी ताणलेली, की तिच्यावर टेकायला मलाही संकोच वाटला. वडिलांनी गादीचं एक टोक उचललं, शिवणीवरून बोट फिरवलं. उशीचा वास घेतला. नळ सोडून पाणी हातावर घेतलं. मग भिंतीजवळच्या खुर्चीच्या कडेला बसले.

"कशी आहे?"

"बराबर हाय. उशीला खोबरेल तेलाचा वास हाय, पन चालतंय."

"मग पडा थोडं."

"पडतो की."

पडले नाहीत. प्रत्येक मजल्यावर नोकरांसाठी एक घंटी होती. कुठल्याही खोलीतून कोणी बटण दाबलं, की ती आमच्या दाराबाहेर वाजायची. ती वाजली की वडील उभे राहायचे. आपण कुठे आहोत हे आठवलं की बसायचे. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मी हसलो. पाचव्यांदा ते दारापर्यंत गेले आणि कडीवर हात ठेवून थांबले.

"काहून उठून राहिले आबा?"

"मी कुठं उठतो? पायच उठतेत." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला वाईट वाटंल म्हनून बोललो न्हाई. मला इथं ड्युटीवर असल्यावानी वाटून राहिलं."

चार वाजत आले होते. सकाळी आठला दवाखान्यात हजर व्हायचं होतं. मी पिशव्या उचलल्या. काउंटरवरच्या टायवाल्यानं कारण विचारलं. वडीलच म्हणाले, "तुमच्याकडं काही खोट न्हाई साहेब. माझ्यात हाय." त्याला काय समजलं कोणास ठाऊक, त्यानं पुन्हा येण्याचा आग्रह केला.

स्टँडच्या मागच्या गल्लीत लॉजची रांगच होती. मी पाट्या वाचायला लागलो. वडिलांनी मला थांबवलं. "खोल्या बघू नको. चादरी कुठं वाळू घालतेत ते इचार."

पहिल्या लॉजवाल्याला प्रश्नच समजला नाही. दुसरा म्हणाला, धोबी नेतो, कुठे वाळवतो ते त्याचं त्याला माहीत. तिसऱ्यानं वर बोट केलं. "गच्चीवर. पण कशाला?"

आम्ही तीन जिने चढलो. गच्चीवर दोऱ्यांना पांढऱ्या चादरी होत्या आणि साठीतला एक माणूस त्यांच्या घड्या घालत होता. वडिलांनी एका चादरीचा काठ चिमटीत धरला, चोळला, डोळ्याशी धरला, नाकाशी नेला.

"नीळ कमी टाकता."

तो माणूस वळला. "जास्त टाकली का डाग राह्यते. तुमी कोन जी?"

"डाक बंगल्यावर व्हतो. तीस साल."

"कोन्या?"

वडिलांनी सांगितलं. तो वाशिमकडचा निघाला. त्याला तो बंगला ऐकून माहीत होता, किंवा तसं त्यानं दाखवलं. मग ढेकणांचा विषय निघाला. वडील पलंगाच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतायचे. तो माणूस रॉकेलचा पुरस्कर्ता होता. रॉकेलच्या वासानं साहेबाला झोप येत नाही, असं वडिलांचं म्हणणं. आमच्याकडे साहेब येतच नाहीत, असं त्याचं. मी पाण्याच्या टाकीला टेकून ऐकत होतो. अर्धा तास तरी गेला असेल; त्यात उद्याच्या ऑपरेशनचंही निघालं. खाली कुठे घंटी नव्हती. कोणाला काही हवं असलं की तो जिन्यात येऊन ओरडायचा.

बोलता बोलता वडिलांनी चादरीचं दुसरं टोक धरून घडी घालायला सुरुवात केली होती. त्या माणसानं ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"उद्या कायचं म्हनता, डोळ्याचं?"

"व्हय."

"मंग आज तुमी गिऱ्हाईक. चादरीले हात लावाचा नाही. मी गादी घालतो, तुमी निजाचं. गादीत खोट सापडली तं उद्या सांगजा."

हेच मी दुपारपासून सांगत होतो. पण मी मुलगा होतो, आणि हा त्या कामातला जाणता माणूस होता. वडिलांनी मान हलवली. त्यानं गादी घातली तेव्हा ते दाराशी हात बांधून उभे राहिले आणि त्याच्या हातांच्या आवाजाकडे लक्ष देत होते. कोपरे दुमडून झाले, तेव्हा म्हणाले, "हं." मग चप्पल काढून आडवे झाले. संध्याकाळी दहीभात खाल्ला आणि पुन्हा आडवे झाले.

पहाटे चारनंतर झोपलेलं मी त्यांना आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी साडेसहाला मला त्यांना हलवून उठवावं लागलं. दवाखान्यात नर्सनं दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली, आणि पुन्हा भरली. "दीडशेच्या आत आहे," ती म्हणाली आणि वडिलांना हिरवा डगला घालायला घेऊन गेली.

दुपारी पट्टी बांधून त्यांना बाहेर आणलं, आणि तेवढ्यात चुलतभाऊ दारात उभा. त्याला कोणी सांगितलं ते आजपर्यंत कळलेलं नाही.

"काका, आमी मेलो होतो का? लॉजवर राहता? गावात तोंड दाखवू का नको?"

"बस आधी."

"न्हाई बसत. काय कमी पडलं होतं मागच्या बारीला, ते सांगा."

"काई कमी न्हाई पडलं. लई आदर केला तू," वडील म्हणाले. "आदरानं माझं प्रेशर वाढतंय, बाबा."

भावानं माझ्याकडे पाहिलं. हे मी शिकवलं, असं त्याला वाटलं असावं. मी नर्सनं दिलेली थेंबांची चिठ्ठी वाचत असल्याचं दाखवलं. मग तो बाकावर बसला आणि त्यानं विचारलं, "डबा तरी आणू, का त्यानंबी वाढतंय?"

"आन. तिखट कमी."

ती रात्रही आम्ही लॉजवरच काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पट्टी सोडली, डोळा पुसला आणि हातभर अंतरावर बोटं धरली.

"किती आहेत, बाबा?"

वडिलांनी मान थोडी पुढे नेली. मी बोटं मोजून ठेवली होती.

"तीन," ते म्हणाले. "मधल्याचं नख वाढलंय."

डॉक्टरांनी हात जवळ घेऊन नख पाहिलं. मग नर्सला म्हणाले, "लिहा, नजर चांगली," आणि हात खिशात घालून पुढच्या पेशंटकडे गेले.