माळावरचं ओलं चित्र

कोल्हापूर सोडलं तेव्हा लख्ख ऊन होतं. मलकापूरच्या पुढे एसटीतून उतरलो तर समोरचा डोंगर धुक्यात अर्धा बुडालेला. जवळ हिरवा माळ, त्यात चरणारी एक म्हैस, मागे फिकट होत गेलेल्या टेकड्या आणि सगळ्यावर मऊ, दुधट उजेड. याच उजेडासाठी मी नाशिकहून रंगपेटी घेऊन आलो होतो. लगेच बांधावर बसकण मारली.

पण हवा इतकी दमट की कागद वाळेना. डोंगराचा निळा रंग आकाशात पसरला, म्हैस माळात विरघळली. शिंगं तेवढी शाबूत राहिली. माझी चिडचिड सुरू झाली.

"पावणं, आमची चंद्री काढली व्हय?" म्हशीची मालकीण मागे उभी होती. गाव तिला आक्का म्हणतं. "मला द्या की हे. आमचं मालक झाडावरनं पडल्यापास्नं अंथरुणावर हायती. हितं चढून येता येत न्हाय. सारखं माळ, माळ करत्यात."

चित्र मला स्वतःला हवं होतं. "ओलं आहे अजून," मी गुळमुळीत बोललो.

"चुलीवर वाळवतो की मी!" इकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. मला निमूट मागे जावं लागलं.

चुलीच्या धगीवर ती कागद भाकरीसारखा फिरवत होती आणि माझा जीव टांगणीला. एक कोपरा करपलाच. मग तिने भाकरी आणि खर्डा (ठेचलेली हिरवी मिरची) वाढला. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आक्का पोटभर हसली.

आतल्या खोलीत मालकांपुढे चित्र धरलं. त्यांना आपला माळ ओळखू येईल का, या धास्तीने मी म्हणालो, "रंग जरा पसरलेत..." त्यांनी हातानेच मला गप्प केलं. खिडकीतून बघावं तसं बराच वेळ बघत राहिले. मग आक्काला म्हणाले, "धुकं उठाय लागलंय. चंद्रीला पाणी दावून आण."

"आणतो," म्हणत आक्काने पदर डोळ्यांना लावला. मला चित्र परत मागवेना.

"एवढ्या लांब जाऊन एकच चित्र, तेही देऊन आलास?" घरी बायको म्हणाली. मला मात्र मनापासून बरं वाटत होतं. ते आता खाटेसमोर टांगलेलं असेल, आणि मालक रोज सकाळी त्यात म्हैस चरायला सोडत असतील.