अर्धे जिवंत पेंग्विन

फेनेला मॅक्रोस्टीचा जन्म आकडेमोडीत गेला. ड्युनेडिन शहराजवळच्या किनाऱ्यावर पिवळ्या डोळ्यांचे पेंग्विन किती उरले, हे दर वर्षी तीच सांगायची. प्रत्यक्ष मोजायची नायरी, किनाऱ्याची साठीतली राखणदारीण. तिचा हट्ट भारी. मेलेला पक्षी हाताला लागल्याशिवाय ती वहीत त्याच्या क्रमांकापुढे 'मेला' लिहायचीच नाही. 'दिसला नाही', बस्स.

आता न दिसलेला पक्षी एक तर जिवंत, नाही तर मेलेला. एक किंवा शून्य. पण फेनेलाच्या सॉफ्टवेअरला अशी उडी जमत नाही. त्याला सगळं उतारासारखं सलग लागतं. रीत अशी, की दोन्ही शक्यता वेगवेगळ्या सोडवायच्या, शक्यतेप्रमाणे वजन द्यायचं आणि बेरीज करायची. डोकेदुखीचं काम! फेनेलाने घाईत लिहून टाकलं, शून्य ते एकमधला कुठलाही आकडा चालेल. सॉफ्टवेअरने मुकाट गिळलं. न दिसलेले सगळे पक्षी अर्धेमुर्धे जिवंत झाले, आणि बेरीज आली एकोणसत्तर.

"एकोणसत्तर? मग सापळे कशाला?" म्हणत पक्षी राखणाऱ्या समितीने स्टोट पकडायचे सापळे उचलले. मुंगसाच्या अंगकाठीचा तो शिकारी प्राणी. त्याने एक पिल्लू शिल्लक ठेवलं नाही. मोठे पक्षी समुद्रात गेले ते गेलेच.

तीन वर्षांनी फेनेलाने ते समीकरण उघडलं आणि घाईत लिहिलेली ती ओळ तिला दिसली. रीतीने पुन्हा सोडवलं. तेव्हा होते बावीस. आता चार.

ती तडक किनाऱ्यावर गेली. "नायरी, चूक माझी होती."

"बाई गं, घसा फोडून सांगत होते ना, घरटी रिकामी आहेत म्हणून! तूच म्हणालीस, माझ्या डोळ्यांपेक्षा गणिताला जास्त दिसतं."

फेनेला तिच्या शेजारी वाळूत बसली. जीव द्यावा असं वाटलं, पण त्याने काय होणार होतं, कपाळ!

नायरीने बारा वर्षांची वही तिच्या मांडीवर टाकली. पानोपानी पक्ष्यांचे क्रमांक, आणि पुढे 'दिसला नाही'.

"घे पेन. लिही मेला म्हणून. माझ्याने व्हायचं नाही."

फेनेलाने पहिल्या क्रमांकापुढे 'मेला' लिहिलं. नायरीने समुद्राकडे तोंड फिरवलं. "मोठ्याने वाच," ती म्हणाली, "एकेक."