ओढ्यावर लटकलेले रूळ

पाचोऱ्याला उतरले तेव्हा आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. समुद्राकडून आलेल्या वादळानं आठवडाभर अख्ख्या खानदेशाला झोडपलं होतं, याची खूण त्या निळ्या आभाळात कुठेच नव्हती. खूण होती ती खाली, जमिनीवर. स्टेशनाबाहेरचं कडुनिंबाचं झाड मुळासकट आडवं पडलं होतं आणि त्याच्या फांद्यांना बाया ओल्या गोधड्या वाळत घालत होत्या.

आपल्या मंडळातल्या तुम्हां सगळ्यांनी घरोघरून गोळा करून दिलेल्या घोंगड्या आणि चादरी माझ्याबरोबर होत्या. मंडळाच्या पैशांतून घ्यायची ज्वारी इथे पाचोऱ्यालाच मिळणार होती. ती विकणारे मारवाडी शेठजी मोठे बोलघेवडे. पोती वजन करता करता म्हणाले, "बाई, पहूरकडे नेणार म्हणता खऱ्या, पण नेणार कशी? छोटी गाडी शेंदुर्णीपर्यंतच जाते. पुढे ओढ्यानं भराव खाल्लाय."

"मग बैलगाडीनं नेऊ."

शेठजी हसले. "या काळ्या मातीत? माझी स्वतःची गाडी परवापासून चाकांच्या आसापर्यंत रुतून बसली आहे. बैल तेवढे घरी आले."

पहूरच्या बाजूच्या गावांत धान्य जमिनीखालच्या पेवांत (खोल खड्ड्यांत) साठवतात. वादळाचं पाणी पेवांत शिरलं आणि वर्षाची ज्वारी कुजली. घोंगड्या माणसं डोक्यावरून नेऊ शकत होती, आणि दुसऱ्याच दिवशी त्या तशा गेल्याही. पण गावंच्या गावं जेवू घालायची म्हणजे पोत्यांनी भरलेल्या वाघिणी (मालडबे) पलीकडे जायला हव्या होत्या.

पाचोरा-जामनेरची गाडी अरुंद रुळांवरून चालते. डबे एवढे लहान की समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागतात. खिडकीतून दिसणारा कापूस पाहवत नव्हता. फुटलेली बोंडं चिखलानं माखून काळी पडली होती. माझ्या शेजारी बसलेल्या म्हातारबाबांनी ती बाजू टाळून सगळा प्रवास दुसऱ्या खिडकीकडे तोंड करून केला.

शेंदुर्णीला माझी सोय गावातले एक मानकरी शेतकरी, सगळे ज्यांना आबा म्हणत, त्यांच्या घरी केली होती. घरात त्यांची थोरली बहीण होती, तुळसाअक्का. विधवा, उंच, पाठीचा कणा ताठ. नवऱ्याच्या माघारी रुळांना लागून असलेला मळा ती स्वतः पाहायची. पहिल्या जेवणाला तिनं कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. ठेच्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तशी ती गालात हसली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "मनी आंडेर पहूरले शे, बाई (माझी मुलगी पहूरला आहे). दोन पोरं शेतस तिले. वादळपासून काही खबर नही."

तुटलेली जागा पाहायला गेले ती चिखलातून. एक चप्पल त्या मातीनं अशी गिळली की पुन्हा दिसली नाही. दुसरी हातात घेऊन मी अनवाणी पोहोचले, आणि समोरचं दृश्य बघून जागच्या जागी थांबले. भराव पार वाहून गेला होता. दोन्ही रूळ मात्र तुटले नव्हते. खाली आधार नसलेले, स्लीपरांसकट ते ओढ्यावर झुल्यासारखे लटकत होते आणि वाऱ्यानं चक्क हलत होते. खाली छातीएवढ्या पाण्यात माणसं उभी होती. हातोहात दगड पुढे जात होते.

काम पाहणारे इन्स्पेक्टर तापानं डोळे लाल झालेले, तरी टोपी घालून काठावर उभे होते. त्यांनी मला बेत समजावून सांगितला. तळाशी मोठे दगड बसवायचे, त्यांवर जुन्या स्लीपरांच्या चौकटी एकावर एक रचत न्यायच्या, पोटात दगड भरायचा आणि रूळ उचलून त्यांवर टेकवायचे. "पक्का पूल उन्हाळ्यात होईल. आता गाडी गेली पाहिजे, बस."

ही माणसं पाण्यात ज्याच्या शब्दावर उतरत होती तो मुकादम म्हणजे उखाभाऊ. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, आवाज खणखणीत. स्वतः सगळ्यांत खोल जागी उभा राही. त्याच्या गँगमध्ये थोडे कुणबी, काही भिल्ल, आणि बरेचसे त्याच्यासारखे महार होते. मी तिथे असताना एकाच्या पायावर दगड निसटला. उखाभाऊनं त्याला पाठीवर घेऊन काठावर आणलं, मी माझ्या पदराची पट्टी फाडून जखम बांधली, आणि मग तो माणूस झाडाखाली बसून खडी फोडू लागला. घरी जा म्हटलं तर ऐकेना.

चौकट पाण्यावर आली त्या दिवशी दुपारी अजिंठ्याच्या डोंगरांवर आभाळ काळं झालं. आमच्या डोक्यावर ऊन होतं. उखाभाऊनं एकदा डोंगराकडे बघितलं आणि ओरडला, "बठ्ठा वर या! आते लगेच!" (सगळे वर या!) शेवटचा माणूस काठावर चढतो न चढतो तोच गढूळ पाण्याचा लोंढा आला. रचलेल्या चौकटी काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या सुटल्या आणि वळणावरून दिसेनाशा झाल्या.

इन्स्पेक्टर खाली बसले. मला वाटलं, संपलं. उखाभाऊ मात्र वळणाच्या दिशेनं चालू लागला. "स्लीपर लाकडाचे आहेत, बुडायचे नाहीत. खाली बाभळींत अडकले असतील. चला, आणू." आणि खरंच, संध्याकाळपर्यंत गँगनं बरेचसे स्लीपर चिखलातून ओढत परत आणले. गावातली माणसं काठावर जमून ते पाहत होती. दुसऱ्या दिवशी त्यांतली काही आपण होऊन दगड वाहायला आली.

कामानं गती घेतली, पण गँगची माणसं आजारी पडू लागली. पोट धरून एकेक जण बाभळीआड जाई. ती ओढ्याचं गढूळ पाणी पीत होती. तुळसाअक्काच्या मळ्यातली विहीर तिथून दिसत होती. तिच्या मोटेची कुरकुर ऐकू येत होती. इन्स्पेक्टरांसाठी आणि माझ्यासाठी तिथलंच पाणी यायचं. बाकीच्यांना तिथे जायची मुभा नव्हती.

चौकट दुसऱ्यांदा वर आली आणि रूळ तिच्यावर टेकले, त्या दिवशी आबा चार प्रतिष्ठित मंडळींना घेऊन काठावर आले. नारळ फोडला. उखाभाऊला म्हणाले, "मुकादम, पहिली गाडी जाईल त्या दिवशी मारुतीच्या देवळापुढे तुमचा सत्कार करायचा गावानं ठरवलं आहे. तुम्हाला फेटा बांधू."

उखाभाऊ पाण्यातून वर आला. अंगावरून पाणी निथळत होतं. त्यानं आधी हात जोडले.

"देवळापुढे आमले येऊ देतस का, आबा?"

आबा अडखळले. "पाराच्या खाली बसू आपण. तिथे चालेल."

"आमले फेटा नको, आबा. मना मानसे आजारी शेतस. आमले इहीरनं पानी द्या." (आम्हाला फेटा नको. माझी माणसं आजारी आहेत. विहिरीचं पाणी द्या.)

त्यानं हे भांडून म्हटलं नाही. दगड मागावा तसं मागितलं. आबांच्या बरोबरचे दोघे लगेच मागे फिरले. आबाही जमिनीकडे बघत निघून गेले. उखाभाऊ परत पाण्यात उतरला.

त्या संध्याकाळी घरात जेवणाची पानं मांडलेली तशीच राहिली. अक्कानं सगळी हकीकत ऐकली होती. आबा म्हणाले, "अक्का, गाव काय म्हणेल याचा विचार कर. एकदा त्यांनी पाणी भरलं की आपल्यातलं कुणी त्या विहिरीला तोंड लावणार नाही. मजूर येणार नाहीत तुझ्या मळ्यात."

अक्का चुलीपुढे बसली होती. ती उठली आणि भावासमोर येऊन उभी राहिली. "इहीर मनी शे. मनी आंडेर तठे उपाशी शे. तिन्हासाठे ह्या मानसे पानीमा उभा शेतस. यास्ले मी पानी नही म्हनू?" (विहीर माझी आहे. माझी मुलगी तिकडे उपाशी आहे. तिच्यासाठी ही माणसं पाण्यात उभी आहेत. त्यांना मी पाणी नाही म्हणू?)

आबा घराबाहेर पडले. मी काही बोलावं असं वाटत होतं, पण त्या बाईला माझ्या बोलण्याची गरज नव्हती.

सकाळी ती काठावर गेली तेव्हा मी तिच्याबरोबर होते. तिनं उखाभाऊला हाक मारली. "भाऊ, मानसेस्ले ली ये. घागरी तुमन्याच आना. तुमन्या हातनं भरा." (माणसांना घेऊन ये. घागरी तुमच्याच आणा, तुमच्या हातांनी भरा.) माणसं आधी विश्वास ठेवेनात. एकमेकांकडे बघत राहिली. मग पायाला पट्टी बांधलेला तो खडी फोडणारा उठला आणि लंगडत पुढे झाला. विहिरीवर पोहोचल्यावर त्यानं पोहरा आत सोडला, पाणी वर घेतलं, आणि पिण्याआधी बराच वेळ त्या पोहऱ्यात नुसता पाहत राहिला. उखाभाऊ सगळ्यांच्या शेवटी प्याला.

अक्काचे दोन सालदार (वर्षाच्या बोलीवरचे गडी) त्याच दिवशी काम सोडून गेले. गावातल्या काही घरांनी तिच्याशी बोलणं टाकलं. पण दुपारी शेंदुर्णीच्या बऱ्याच बाया भाकरीच्या टोपल्या घेऊन ओढ्यावर आल्या. डुबुकवड्यांची (तिखट रश्श्यात सोडलेल्या बेसनाच्या वड्यांची) मोठी भगुणी उतरली. काहींनी लांबून वाढलं, काहींनी जवळ बसून. माणसं पोटभर जेवली आणि पुन्हा पाण्यात उतरली.

देवळापुढचा सत्कार अर्थातच झाला नाही. पहिली गाडी निघाली तेव्हा आमच्या ज्वारीच्या वाघिणी इंजिनामागे होत्या आणि पोत्यांवर तुळसाअक्का बसली होती. इन्स्पेक्टरांनी तिला उतरायला सांगितलं, पण ती उतरली नाही. इंजिनापुढे उखाभाऊ पायी चालत होता. नजर रुळांवर, हात वर केलेला. चौकटीवर चाक आलं तसा लाकडांनी मोठा करकर आवाज केला. काठावर गर्दी उभी होती. उखाभाऊनं एकदाही मागे पाहिलं नाही. पलीकडच्या भरावावर पोहोचल्यावरच त्यानं हात खाली घेतला, आणि मग गँगनं जी आरोळी ठोकली तिनं बाभळींवरचे बगळे उडाले. गर्दीच्या कडेला, एकटे, मला आबा दिसले. त्यांनी डोक्यावरचा फेटा काढून हातात धरला होता.

पहूरच्या स्टेशनावर माणसांची दाटी होती. अक्काची मुलगी त्यांत होती, वाळलेली, पण दोन्ही पोरांना दोन्ही हातांना धरून उभी. माय-लेकींनी एकमेकींना मिठी मारली नाही. अक्कानं तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पोतं उतरू लाग." पहूरच्या पाटलांनी गँगच्या प्रत्येक माणसाला, कोण कुठला हे न विचारता, खांद्याला धरून ओट्यावर बसवलं. त्यांच्या घरची ज्वारी कुजली होती. तरी कुठून तरी गूळ आणून त्यांनी सगळ्यांच्या हातांवर ठेवला.

ज्वारी वाटून झाल्यावर मी परतीची गाडी धरली. शेंदुर्णीला थोडा वेळ मिळाला म्हणून अक्काच्या मळ्यात डोकावले. गावातलं कुणी अजून त्या विहिरीवर येत नव्हतं. ती एकटीच मोट हाकत होती. मी विचारलं, "अक्का, जड जातं का?" ती म्हणाली, "जास. पन पानी गोड लागस." आणि तिनं मला पाणी प्यायला दिलं.

त्याआधी, पहूरहून येताना, गाडी ओढ्यावर आली तशी हळू झाली होती. समोरच्या बाकावर पाचोऱ्याला निघालेले एक व्यापारी होते. त्यांनी वैतागून विचारलं, "इथे गाडी हळू कशाला करतात?" मी म्हटलं, "पूल नवीन आहे." त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं, "लाकडांचाच दिसतो," असं पुटपुटले आणि डोळे मिटून घेतले. त्यांना उठवून सगळं सांगावंसं मला फार वाटलं. ते झोपी गेले होते. मी उभी राहिले आणि गाडी ओढा ओलांडून पुरती पलीकडे जाईपर्यंत उभीच होते.